कोपराचं माप, फरशीचा ढाळ: किचनची कॅबिनेटं हव्या त्या उंचीवर कशी बसवायची

सिंकखालच्या कॅबिनेटचा तळ बोटाने दाबून पाहिला आणि बोट सरळ आत गेलं. बाहेरून लॅमिनेट चकचकीत, आतला बोर्ड भिजलेल्या बिस्किटासारखा. परभणीतल्या आमच्या घरी हे किचन बसवून पाच वर्षंही झाली नव्हती. ज्यांनी बसवलं त्यांनी खोकी (कॅबिनेटचे लाकडी सांगाडे) थेट फरशीवर टेकवली होती आणि पुढून बोर्डाचीच पट्टी फरशीला चिकटवून दिली होती. रोजची पुसणी, सणावाराची धुणी, टिपातून म्हणजे पिंपातून काढताना सांडलेलं पाणी, सगळं त्या पट्टीने खालून पिऊन घेतलं. दुसरं दुखणं माझ्या कंबरेचं. वट्टा, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, ३३ इंचांचा आणि मी ५ फूट ३ इंच. भांडी घासून झाली की लगेच सरळ उभं राहता यायचं नाही.

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच होतं. कॅबिनेट जमिनीपासून किती वर असावं, हे कोणी मोजलंच नव्हतं. दुकानातला लेग (कॅबिनेटखालचा पाय) १० सेंटिमीटरचा मिळतो म्हणून सगळ्यांची किचनं १० सेंटिमीटरवर, किंवा सुताराला सवय म्हणून थेट फरशीवर. खरं तर ही उंची दोनच गोष्टींनी ठरायला हवी: स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं कोपर आणि त्या घरातली फरशी. दुसऱ्यांदा किचन केलं तेव्हा गल्लीतल्या सुतारमामांसोबत मी प्रत्येक माप स्वतः घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने देते.

आधी तुमचा वट्टा कुठल्या जातीचा ते पाहा

आपल्याकडे दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीत विटांच्या किंवा कडप्प्याच्या उभ्या आधारांवर दगडी वट्टा बसवलेला असतो आणि त्याखालच्या कप्प्यांत नंतर ट्रॉल्या किंवा कॅबिनेटं सरकवलेली असतात. इथे वट्ट्याची उंची पक्की. तुम्हाला फक्त खालचं खोकं फरशीपासून उचलता येतं, आणि जितकं उचलाल तितकं खोकं ठेंगणं करावं लागतं. दगडाच्या खालच्या बाजूपासून फरशीपर्यंत ७८ सेंमी मोकळे असतील, खाली १० सेंमी लेग आणि वर १ सेंमी फट सोडली, तर खोकं ६७ सेंमीचं. बाकीचं काम पुढे सांगितलं आहे तसंच.

दुसऱ्या प्रकारात ग्रॅनाइट कॅबिनेटच्याच डोक्यावर असतो. इथे खोकं उचललं की वट्टाही उचलला जातो. म्हणजे उंची आपल्या मनाने ठरवता येते, पण वजनही त्याच पायांवर येतं. २० मिमी जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण ५ किलो भरतो. १० फूट लांब, २ फूट रुंद वट्टा म्हणजे १०० किलो नुसता दगड. त्यावर मिक्सर, शेगडी, पाण्याची कळशी, आणि खालच्या ट्रॉल्यांत भांडी. म्हणून पाया हा विषय हलक्यात घेऊ नये.

माणूस मोजा

घरात जशा उभ्या राहता तशाच, अनवाणी असाल तर अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. हात कोपरात काटकोनात वाकवा आणि कोपराच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप लावा. उंचीच्या साधारण ६३ टक्के माप येतं. माझी उंची १६० सेंमी, कोपर १०१. सासूबाईंची उंची १४७, कोपर ९३.

भाजी चिरणं, कणीक मळणं, डबे भरणं अशा कामांना पृष्ठभाग कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी खाली हवा. अंगाचा भार देऊन करायच्या कामाला आणखी खाली, १५ ते २० सेंमी. ज्वारीची भाकरी थापणं हे असं काम आहे. परात उंचावर असेल तर तळहाताचा दाब खांद्यातून द्यावा लागतो आणि चार भाकऱ्यांत खांदा भरून येतो. शेगडीचंही तसंच. शेगडीची स्वतःची उंची, त्यावर तवा किंवा पातेलं, म्हणजे हात काम करतो ती जागा वट्ट्यापेक्षा बरीच वर असते. सिंकचं उलट. भांडी आपण सिंकच्या तळाशी घासतो, तो तळ वट्ट्यापेक्षा ७-८ इंच खाली. म्हणून सिंक जितकं वर तितकी कंबर सुखी.

आता घरोघरचा प्रश्न: सासू-सुनेच्या उंचीत अर्धा फूट फरक असेल तर कोणाचं माप धरायचं? आमच्याकडे उत्तर कामाच्या वाटणीतच होतं. शेगडी आणि भाकरीचा भाग सासूबाईंचा, सिंक आणि चिरण्याचा भाग माझा. भाकरीचा भाग ८१ सेंमीवर घेतला. त्यांच्या कोपरापेक्षा तो १२ सेंमी खाली येतो, म्हणजे भाकरीच्या मापापेक्षा थोडा कमीच, माझ्यापेक्षा २०, आणि भाकरीला मला २० चालतो. सिंकचा भाग ८९ वर. मेथी-पालक निवडणं आणि विळीवरचं काम त्या आजही खाली पाटावर बसून करतात, त्यासाठी वट्ट्याचं माप वाकवायची गरज नव्हती. ठेंगण्या माणसासाठी वट्ट्यापुढे पाट ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. गरम पातेलं हातात असताना त्या पाटाला पाय अडखळतो. हा उपाय कोणी करू नये.

कागदावरच्या मापावर लगेच विश्वास ठेवू नका. सध्याच्या वट्ट्यावर जाड पोळपाट किंवा प्लायचा तुकडा ठेवा, खाली पुस्तकं घालून हव्या त्या उंचीला आणा आणि दोन दिवस त्यावर चिरा, मळा, लाटा. सध्याचा वट्टाच जास्त उंच असेल तर भक्कम फळीवर उभं राहून पाहा, पण गॅस बंद ठेवून. दोन दिवसांनी खांदा आणि कंबर जे सांगेल ते माप खरं.

फरशी मोजा

इथेच बहुतेक किचनं बिघडतात. आपल्या घरांतल्या फरशीला मोरीकडे ढाळ असतो आणि तो असायलाच हवा. शहाबादी फरशी असेल तर दगडांच्या जाडीत आणि सांध्यांत आणखी फरक. तळमजल्यावर भर पडते काळ्या मातीची. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, फरशीखालचा मुरमाचा भराव दबतो आणि पाच-दहा वर्षांत एखादा कोपरा सुतभर (साधारण ३ मिमी) खाली जातोच. म्हणून ‘फरशीपासून इतकी उंची’ असं माप देऊन चालत नाही. फरशीपासून म्हणजे कुठल्या जागेपासून?

पद्धत सोपी आहे. पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल नळी घ्या, नळीत बुडबुडा राहू देऊ नका, आणि किचनच्या भिंतींवर एकाच पातळीत पेन्सिलीच्या खुणा करून दोऱ्याने रेघ मारा. गवंड्याकडे ही नळी असतेच. लेझर लेव्हल मिळाली तर काम पाच मिनिटांचं. रेघ फरशीपासून अंदाजे १ मीटरवर असू द्या. मग दर दोन फुटांवर रेघेपासून खाली फरशीपर्यंत मोजा. आमच्याकडे आकडे आले १०००, १००४, १००९, १०१५ आणि १०२२ मिमी. जिथे अंतर सगळ्यात कमी तिथे फरशी सगळ्यात उंच. तीच आपली आधाराची जागा. बाकी सगळीकडे पाया तिच्यापेक्षा जास्त लागणार, शेवटच्या टोकाला २२ मिमी जास्त. हीच मापं भिंतीपासून दोन फूट पुढेही घ्या, कारण ढाळ दोन्ही दिशांनी असतो.

एक सूचना इथेच देते. सुतार इंच आणि सुतात बोलतो, हार्डवेअर मिलिमीटरमध्ये येतं. ८ सूत म्हणजे १ इंच, १ सूत म्हणजे ३ मिमीहून थोडं जास्त. सुरुवातीलाच एक मापपद्धत ठरवा आणि घरात एकच टेप वापरा. आमचे पहिले दोन शटर (कॅबिनेटची दारं) याच गोंधळात वाया गेले.

बेरीज-वजाबाकी

वट्ट्याची उंची म्हणजे पाया अधिक खोकं अधिक दगड. मॉड्युलर खोकं बहुधा ७२ सेंमीचं, ग्रॅनाइट २ सेंमी. मला ८९ हवे होते, म्हणजे पाया १५. नेहमीचा १० चा लेग लावला असता तर वट्टा ८४ वर आला असता, पुन्हा माझ्या कंबरेवर. दगडाखाली प्लायचा पाट घालणार असाल तर त्याची जाडीही बेरजेत धरा, ती हमखास विसरली जाते.

भाकरीचा भाग ८१ वर आणायचा म्हणजे पाया ७ सेंमीवर उतरवायचा का? नाही. पाया १५ च ठेवला आणि त्या भागातली खोकी ६४ सेंमीची करून घेतली. खालची रेषा सगळीकडे एक राहिली की पुढची पट्टी सलग बसते, झाडू सलग फिरतो आणि पाणी कुठेही खोक्याजवळ पोहोचत नाही. उंचीतला फरक नेहमी खोक्यात घ्यावा, पायात घेऊ नये. उतरत्या भागाची लांबी ठरवताना शेगडीशिवाय एका बाजूला परातीपुरती दीड फूट जागा सोडा. शेगडीला चिकटून पायरी आली तर पातेल्याचा कान तिला लागतो.

पाया कमीत कमी किती? ओल्या फरशीच्या घरात १० सेंमीच्या खाली जाऊ नये असं माझं मत. त्याला पायांचंही कारण आहे. वट्ट्याला चिकटून उभं राहताना चवडे आत जायला खाली साधारण ३ इंच खोल आणि ३-४ इंच उंच पोकळी लागते. ती नसेल तर माणूस मागे उभं राहून पुढे वाकतो, आणि वट्टा योग्य उंचीचा असूनही पाठ दुखते.

पाया कशाचा करायचा

लेग: फिरवून उंची कमी-जास्त होणारे पीव्हीसीचे पाय. मी हेच घेतले आणि बहुतेक घरांना हेच सुचवेन. पाणी त्यांना काही करत नाही, फरशीचा ढाळ प्रत्येक पाय वेगळा फिरवून सावरता येतो, आणि काळ्या मातीवरच्या घरात पाच वर्षांनी एखादा कोपरा बसला तर पुन्हा फिरवून सरळ करता येतो. सगळ्यात मोठा फायदा वाळवीचा. वाळवी जमिनीतून मातीच्या बारीक नळ्या बांधत वर चढते. उघड्या पायावर ती नळी बॅटरीच्या उजेडात लगेच दिसते. लेग घेताना तो किती मिमीपासून किती मिमीपर्यंत फिरतो हे पाहून घ्या. सगळ्यात उंच जागी तो जवळपास पूर्ण मिटलेला आणि सगळ्यात खोल जागीही आटे शिल्लक असलेला हवा. १५-१७ सेंमीच्या वर गेलं की लांब लेग बाजूला झुलायला लागतात, तिथे पुढचे पर्याय पाहा.

विटांचा कट्टा: एक किंवा दोन थर विटा, वर कडप्पा किंवा टाइल, समोरून टाइल. शटरच्या रेषेपासून ३ इंच आत. भक्कम काम, स्वतःच्या तळमजल्याच्या घरात चांगलं. पण उंची एकदाच ठरते, आणि विटांच्या फटीतून वाळवी वर आली तर खोकं पोखरेपर्यंत कळत नाही. बांधून झाल्यावर सात दिवस पाणी मारा आणि नंतर दोन-तीन आठवडे पूर्ण सुकू द्या. ओल्या कट्ट्यावर प्लाय ठेवला की ओल तळातून चढते. वरच्या मजल्यावर कट्टा करण्याआधी वजनाचा हिशोब करा: १० फूट लांब, ५५ सेंमी रुंद, १५ सेंमी उंच भरीव कट्टा साडेचारशे किलोच्या आसपास जातो. फ्लॅटमध्ये इंजिनियरला विचारल्याशिवाय हे करू नये.

लोखंडी किंवा स्टीलची चौकट: २० सेंमी किंवा त्याहून जास्त उंची हवी असेल तर हाच पर्याय. चौकोनी पाइपची चौकट, प्रत्येक दोन खोक्यांच्या सांध्याखाली एक आडवी, आणि पायांना खालून फिरणारे बोल्ट. फॅब्रिकेटरकडून आठवड्यात होते. साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंटचे दोन हात, पाइपची तोंडं बंद, पायाखाली रबर. बोअरच्या जड पाण्याने फरशी पुसली जाते तिथे लोखंड लवकर गंजतं, परवडत असेल तर ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या.

भिंतीवर टांगलेली खोकी दिसायला सुंदर, खाली सगळी मोकळी जागा. पण त्यांना ९ इंची पक्की विटांची किंवा काँक्रीटची भिंत लागते. जुन्या वाड्यांतल्या दगड-पांढऱ्या मातीच्या भिंतींवर आणि ४ इंची पातळ आडभिंतींवर हा विचारही करू नका, आणि वर ग्रॅनाइट असेल तर कुठेच नको.

लाकडाचे ठोकळे, सुट्या विटा, प्लायचे तुकडे, घड्या घातलेला पुठ्ठा यांचा टेकू कायमचा ठेवू नये. ठोकळा ओल धरतो आणि वाळवीला जिना होतो.

जुनी कॅबिनेटं उचलायची असतील तर

नवीन करत असाल तर हा भाग सोडून पुढे जा.

सगळं सामान काढा, ट्रॉल्या आणि शटर उतरवा, शटरच्या मागे खडूने क्रमांक टाका. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर दुसऱ्या मोकळ्या जागी उभा ठेवा. सिंकचा नळ खालच्या अँगल कॉकवर बंद करा, सांडपाण्याचा पाइप सोडवा, खाली बादली ठेवा.

दगड वर ठेवूनच जॅकने खोकी उचलू असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. सिंक आणि शेगडीसाठी कापलेल्या जागी दगडाची पुढची पट्टी चार बोटांची उरलेली असते. एक बाजू दोन सूत जरी आधी उचलली गेली तरी तो तिथेच तडकतो. भिंतीकडचा आणि खोक्यावरचा सिलिकॉन पात्याने कापून दगड मोकळा करा, आणि उचलून नेताना उभा धरा, आडवा नाही. त्याला भिंतीशी उभा टेकवताना खाली गोणपाट घाला.

खोकं बाहेर काढून तळ तपासा. बोट रुतत असेल तर ते खोकं टाकून द्या, त्याला पाय लावणं म्हणजे पैसा वाया. सुताराने केलेल्या जुन्या कॅबिनेटात बहुधा बाजूच्या फळ्याच जमिनीपर्यंत आलेल्या असतात, तळ वर असतो, आणि कुजतात त्या फळ्यांची खालची ४ इंचं. ही कॅबिनेटं वाचवता येतात. तळाच्या फळीला लागून बाजूच्या फळ्या सरळ रेषेत कापून टाका. कापण्याआधी रेषेवर चिकटपट्टी लावली तर लॅमिनेट उडत नाही. कापलेल्या कच्च्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात किंवा एपॉक्सी भरपूर द्या, ही कडच पाणी पिते. आमची सिंकशेजारची दोन खोकी अशीच वाचली.

नवीन खोकी करताना सिंकचं खोकं तरी ७१० क्रमांकाच्या आयएसआय खुणेचा मरीन प्लाय किंवा पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) बोर्डाचं घ्या. बाकी ठिकाणी काटकसर चालेल.

बसवणं

खोकी निघाल्यावर रिकामी जागा मिळते ती पुन्हा कधी मिळणार नाही. भिंत आणि फरशीच्या सांध्यात वाळवीचं औषध टोचून घ्या, भिंतीची ओल शोधा, टाइलच्या फटी भरा, लागत असेल तर प्लग पॉइंट वर सरकवा.

खोकं पालथं घालून लेगच्या पट्ट्या ठोका. दोन फुटी खोक्याला चार लेग. तीन फुटीला मध्ये पुढे-मागे आणखी दोन, नाहीतर तळाची फळी वर्षात झोळी धरते. लेग नेमका बाजूच्या उभ्या फळीखाली यावा, कारण दगडाचं वजन त्या उभ्या फळीतूनच खाली येतं. तळाच्या मध्यावर लावलेला लेग तळ वाकवतो आणि बाजू हवेत राहते. पुढचे लेग कडेपासून ३ इंच आत, म्हणजे पुढची पट्टी चवड्यांना जागा सोडून बसेल. मागचे २ इंच आत, पाइपला वाट राहील. १८ मिमी तळाला १६ मिमीचे स्क्रू पुरतात, लांब स्क्रू आतून वर येतो आणि डब्याच्या बुडाला ओरखडे पाडतो.

एल आकाराच्या किचनला कोपऱ्यातून सुरुवात करा, सरळ किचनला फरशी जिथे सगळ्यात उंच तिथून. पहिलं खोकं भिंतीवरच्या रेघेशी मोजून अचूक करा: आधी मागचे पाय, मग पुढचे, मग स्पिरिट लेव्हल आडवी, उभी आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी ठेवून. पहिल्या खोक्यावर अर्धा तास गेला तर जाऊ द्या. दुसरं खोकं त्याला टेकवून, दोघांच्या वरच्या कडा बोटाला एक लागल्या की क्लॅम्प लावून दोन्ही बाजूंच्या फळ्या स्क्रूने जोडा. असं शेवटपर्यंत. लेव्हल प्रत्येक खोक्यानंतर, आणि सगळं झाल्यावर लांब सरळ अॅल्युमिनियमच्या पाइपवर पुन्हा एकदा. फिरवून झाल्यावर प्रत्येक लेग हाताने हलवून पाहा. हलतोय म्हणजे त्याच्यावर भार नाही, म्हणजे शेजारचा दुप्पट ओढतोय.

मग भिंतीला बांधा. प्रत्येक खोक्याच्या मागे वरच्या बाजूला दोन एल पट्ट्या, भिंतीत गिट्टी (स्क्रू पकडणारी प्लगची नळी) आणि स्क्रू. हे झाल्याशिवाय ट्रॉली घालू नका. भरलेल्या दोन ट्रॉल्या एकदम बाहेर ओढल्या की सुटं, उंच उचललेलं खोकं पुढे कलंडतं, आणि ट्रॉली ओढणारं बहुधा घरातलं लेकरू असतं. आपल्या भागाला हे आणखी एका कारणाने सांगावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप लातूर-धाराशिवकडचे लोक विसरलेले नाहीत, आणि हिंगोली जिल्ह्यात वसमत-कळमनुरीकडे अलीकडेही हादरे बसले आहेत. वरची आणि खालची, दोन्ही कॅबिनेटं भिंतीला जखडलेलीच हवीत.

आता खाली फरशीवर दोन तांबे पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. मोरीकडे न जाता खोक्याखाली साचत असेल तर पट्टी लावण्याआधी तिथली फरशी सिमेंटने सारखी करून घ्या.

पुढची पट्टी

पीव्हीसी किंवा अॅल्युमिनियमची, खाली रबरी ओठ असलेली, लेगवर क्लिपने बसणारी पट्टी घ्या. प्लायची किंवा बोर्डाची नको, आमचं पहिलं किचन तिनेच खाल्लं. फरशीला सिलिकॉनने चिकटवू नका, ती ओढली की हातात आली पाहिजे. ओठ नीट टेकला की झुरळं, पावसाळ्यातले विंचू बाहेर राहतात. उंदरांचा त्रास असेल तर पाइपांच्या छिद्राभोवती जाळी भरा.

सिंकखाली मी पट्टी लावलेलीच नाही. दिसायला ती जागा उघडी वाटते, पण गळती पहिल्या दिवशी दिसते.

सिलिंडर कॅबिनेटात ठेवत असाल तर त्या खोक्याला तळ नको. सिलिंडर फरशीवर सरळ उभा राहावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच असावी आणि रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोहोचावा. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर खाली साचतो, आणि बंद पट्टीमागची पोकळी ही त्याला साचायला आयती जागा. त्या खोक्याच्या शटरला आणि पट्टीला खालच्या बाजूने जाळीची भोकं ठेवाच.

वर काय काय बदलतं

दगड बसवण्याआधी हे तपासा, नंतर नाही. वट्टा वर गेला की वरच्या कॅबिनेटशी अंतर कमी होतं, ते निदान दीड फूट उरायला हवं, दोन फूट असलं तर मिक्सरचं झाकण आरामात निघतं. चिमणी आणि शेगडीत बहुतेक कंपन्या ६५ ते ७५ सेंमी सांगतात, आपल्या चिमणीचं पुस्तक उघडून पाहा. खिडकीचं दार नळाला अडणार नाही ना, प्लग पॉइंट दगडामागे जाणार नाही ना, तेही पाहा. सिंकचा सांडपाण्याचा पाइप लांब लागेल, जोड घट्ट करा आणि ढाळ भिंतीकडे ठेवा. शेगडीची नळी अपुरी पडली तर तिला जोड देऊ नका. नवीन आयएसआय खुणेची सुरक्षा नळी घ्या, दीड मीटरच्या आत, आणि तिच्यावर छापलेली तारीख वाचा.

दगड खोक्यांवर कोरडा ठेवून आधी लेव्हल पाहा. थोडी झुकती बाजू हवी असेल तर ती सिंककडे, सुतभरच. समाधान झालं की सिलिकॉनचे ठिपके देऊन बसवा. पायरी असलेल्या ठिकाणी उभी ग्रॅनाइटची पट्टी आणि सांध्यात सिलिकॉन, नाहीतर भाजीचं पाणी थेट खोक्यात उतरतं. एक रात्र वट्ट्यावर काही ठेवू नका.

महिनाभराने, सगळं सामान भरून झाल्यावर, लेग पुन्हा हलवून पाहा. वजन बसलं की एक-दोन सैल निघतातच, पाव फेरा पुरतो. पुढे दर पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईला पट्टी काढायची, बॅटरी घेऊन आडवं व्हायचं आणि प्रत्येक पाय, प्रत्येक पाइप, मागची भिंत पाहायची. मातीची नळी दिसली तर खरवडून नुसती पुसून टाकू नका, ती कुठून आली तिथे औषध द्या. गेल्या दिवाळीत आमच्या मोरीकडच्या टोकाचा लेग अर्ध्या सुताने सुटला होता. सासूबाईंनी बॅटरी धरली, मी फिरवला, आणि त्यांनी पट्टी जागेवर दाबली.